मणी वजा जाता

सराफाच्या पेढीवर जुनी माळ मोडीत निघाली की तो आधी दोरा कापतो, मणी एका कागदावर ओततो, आणि वाट्या, गहूमणी, फासा असे जे काही सोन्याचे असेल तेवढेच काट्यात घालून त्याचे वजन सांगतो. काळी पोत, काचेचे पैलूदार मणी, स्फटिक, पुष्कळदा पोवळेसुद्धा, हिशेबातून वजा जाते, आणि कागदाची पुडी वळून ज्याची त्याला परत मिळते. परभणी जिल्ह्यातील स्त्रियांच्या मण्यांच्या अलंकारांचा इतिहास हा या परत आलेल्या पुडीचा इतिहास आहे. ज्या वस्तूला मोडीचे मोल नाही तिची नोंद ठेवण्याचे प्रयोजन राज्यकर्त्यांना नव्हते, सावकारांना नव्हते आणि सोनारांनाही नव्हते. निजामाच्या अमलात जमाबंदीने जमीन मोजली, मोहतर्फ्याने एकेकाळी धंदे मोजले, करोडगिरीच्या नाक्याने रियासतीत येणारा माल मोजला, सावकाराच्या वहीने गहाण पडलेला दागिना मोजला. परंतु तीच माळ वर्षातून एकदा उतरवून, धुऊन, वाळवून, नव्या दोऱ्यात ओवून नातीच्या गळ्यापर्यंत पोचवण्याचे जे काम घरोघरीच्या माजघरात चालत आले, त्याला कोणत्याही दप्तरात रकाना मिळाला नाही. म्हणून त्याचा मागोवा घेताना कागदांपेक्षा स्वतः मण्याकडे, त्याच्या द्रव्याकडे आणि त्याला हाताळण्याच्या रीतीकडेच अधिक लक्ष द्यावे लागते.

मण्यांशी या भूमीचे नाते दप्तरांहून फार जुने आहे. सारा जिल्हा दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांवर वसलेला आहे, आणि त्या काळ्या खडकात वायूच्या बुडबुड्यांनी ज्या पोकळ्या राहिल्या त्यांत गार, स्फटिक, अकीक, पट्टेदार सुलेमानी यांसारखी खनिजे सावकाश साठत गेली. खडक झिजून त्याची काळी कसदार माती झाली तरी ही कठीण खनिजे झिजली नाहीत, आणि म्हणून आजही नांगरटीनंतरच्या वावरात, तसेच गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या पात्रांतील गोट्यांत, पांढुरक्या, तपकिरी, रेघारेघांच्या गारगोट्या हाताला लागतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या 'पेरिप्लस' या दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या ग्रंथात भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, अशी दोन नगरे सांगितली आहेत, आणि पैठणहून सुलेमानी दगड गाड्यांवर लादून विपुल प्रमाणात भडोचला उतरत असे, असे नमूद केले आहे. त्याच ग्रंथात भडोचच्या बंदरात बाहेरून येणाऱ्या मालाची जी यादी आहे, तीत पोवळे आहे आणि कच्ची काचही आहे. म्हणजे दगड इकडून जात होता, आणि काच व पोवळे तिकडून येत होते. पैठणच्या खाली गोदावरीच्या प्रवाहाबरोबर येत गेले की पाथरी, सोनपेठ, गंगाखेड हा आजच्या परभणी जिल्ह्याचा नदीकाठ लागतो. हा प्रदेश त्या व्यापारी नगरांच्या छायेत होता, आणि स्फटिक, काच व पोवळे ही तीन भिन्न द्रव्ये एका दोऱ्यात ओवण्याची येथील स्त्रियांची आवड त्या काळापासूनची मानली तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर शेता-टेकाडांतून वेचलेल्या प्राचीन वस्तूंच्या संग्रहातून आज त्यांच्याच नावाने शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे, आणि त्यात नाना आकारांचे, नाना रंगांचे मणी आहेत. अशा मण्यांचे शास्त्र पद्धतशीर मांडणाऱ्यांत एक मराठी माणूसही होता, ही गोष्ट आपल्या लोकांना फारशी ठाऊक नसते. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचा रेखांकित मण्यांवरील प्रबंध 1949 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने, आणि भारतीय काचेचा इतिहास सांगणारा ग्रंथ 1969 साली मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. तांबूस अकीकाच्या मण्यावर क्षाराच्या द्रवाने रेघा ओढायच्या, मणी भट्टीत भाजायचा, आणि त्या रेघा कायमच्या पांढऱ्या करून उमटवायच्या, ही प्राचीन कारागिरी त्यांनी नोंदवली. क्षार आणि उष्णता यांचा दगडावर कोणता परिणाम होतो याचे ज्ञान ज्या देशात इतके मुरलेले होते, तेथे मणी कशाने धुवावा आणि कशाने धुऊ नये याचाही विवेक घरोघर असावा, यात नवल नाही.

मध्ययुगाबद्दल थोडक्यात सांगायचे तर जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची यादवकालीन मंदिरे आणि त्यांवरील शिल्पकाम पाहणाऱ्याला, दगडावरही हाराचा एकेक मणी सुटा कोरण्याची त्या काळच्या कारागिरांची आस्था जाणवते. त्यापुढच्या काळात अकीकाची तस्बीह, स्फटिकाची जपमाळ आणि वारकऱ्याची तुळशीची माळ या तिन्ही या जिल्ह्यातील लोकांच्या हातांत आणि गळ्यांत एकाच वेळी नांदत होत्या, आणि परभणीच्या सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसाला सर्व धर्मांची माणसे आजही ज्या मोकळेपणाने जातात, तो पाहिला म्हणजे ही सरमिसळ किती सहज असेल याची कल्पना येते.

हैदराबाद रियासतीत, सर सालारजंगांनी दिवाणगिरीच्या काळात 1865 साली जिल्हाबंदी केल्यानंतर, जिल्ह्याचा मुख्य अधिकारी अव्वल तालुकदार आणि तालुक्याचा तहसीलदार अशी व्यवस्था बसली; पण गावगाड्यातले जुने धंदे तसेच चालू राहिले. मण्यांच्या माळेच्या पाठीमागे तीन माणसे असत. एक सोनार, जो गावाचा पोतदार म्हणून नाणेही पारखत असे आणि ज्याचा संबंध फक्त माळेतील सोन्याशी येई. दुसरा मणियार, जो आठवड्याच्या बाजारात बांगड्या भरी आणि त्याबरोबरच काचेच्या मण्यांचे सर, काळी पोत, लाल-हिरवे खडे मापून देई. तिसरा पटवेकरी, जो रेशमाला पीळ देई, त्याला गोंडे करी, आणि प्रत्येक मण्यानंतर गाठ कोठे घालायची व कोठे नाही हे जाणून माळ गाठून देई. या तिघांपैकी पहिल्याचा उल्लेख वहीत येतो, दुसऱ्याचा बाजाराच्या वसुलीत येतो, आणि तिसरा बहुतेक अनामिकच राहतो. परंतु माझ्या मते माळेचे आयुष्य खऱ्या अर्थाने तिसऱ्याच्याच हाती होते, कारण मणी शेकडो वर्षे टिकतो, तुटतो तो दोरा.

1900 च्या सुमारास हैदराबादहून नांदेड, पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू, जालना, औरंगाबाद असा मनमाडपर्यंत मीटरमापी लोहमार्ग पूर्ण झाला, आणि त्याने येथील कापूस मुंबईला नेला तसा मुंबईच्या बंदरात उतरलेला विलायती माल या बाजारपेठांत आणला. त्या मालात बोहेमियातील गाब्लोन्झचे, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील याब्लोनेत्स या गावचे, पैलू पाडलेले काचेचे मणी असत. ते गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात मोडत होते आणि हिंदुस्थानात खपणाऱ्या मण्यांचा व बांगड्यांचा फार मोठा पुरवठा तेथूनच होत होता. 1914 चे महायुद्ध पेटताच तो पुरवठा थांबला, जपानी मालाने ती जागा घेतली, आणि इकडे फिरोजाबादच्या भट्ट्यांनाही तेजी आली. पुर्दिलनगरचा उत्तरेकडील मणी आणि तिरुपतीजवळच्या पापानायडूपेट्यात ओढून केलेला दक्षिणेकडील मणी हे देशी प्रकार होतेच. या दुसऱ्या प्रकारात तापलेल्या काचेच्या गोळ्यातून लांबच लांब पोकळ नळी ओढतात, तिचे बारीक तुकडे करतात, आणि ते पुन्हा राखेत घोळून तापवतात, म्हणजे कडा बोथट होतात. हा शेवटचा संस्कार क्षुल्लक वाटतो. पण ज्या मण्याच्या छिद्राची कड धारदार राहिली तो मणी आपलाच दोरा आतून कापीत असतो, हे माळ गाठणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

आता घराकडे वळतो. मराठवाड्यात भाद्रपदातील ज्येष्ठागौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन व मूळावर विसर्जन अशा तीन दिवसांच्या या कुळाचाराची तयारी घरात आधीपासून सुरू होते. कोठ्यांवर मुखवटे चढवायचे, लुगडी नेसवायची आणि घरातले होते-नव्हते ते सगळे दागिने त्यांना घालायचे. म्हणून वर्षभर ट्रंकेत किंवा लाकडी पेटीत असलेल्या माळा या सुमारास बाहेर निघतात. पावसाळ्याचे दिवस, हवा ओली, पेटीत दमट वास, आणि गेल्या वर्षीच्या हळदी-कुंकवाचे, तेलाचे व उदबत्तीच्या धुराचे पुट मण्यांवर बसलेले. या क्षणी घरातील वडीलधारी स्त्री जी उजळणी करी, तिला मी या जिल्ह्याची एक खरी विद्या मानतो.

आदल्या रात्री रिठे फोडून, बिया काढून, त्यांची साले कोमट पाण्यात भिजत घालायची. सकाळी ती कुस्करून, फेस आला की दोनपदरी फडक्यातून गाळून घ्यायची, म्हणजे सालीचा कण मण्याच्या छिद्रात अडकत नाही. परातीच्या तळाशी जुन्या धोतराचा तुकडा अंथरायचा. काचेचा पैलू धातूवर आपटला की कोपऱ्याची कपची उडते, आणि दोरा त्याच वेळी तुटला तर मणी घरभर पळत नाहीत, फडक्यावरच राहतात. माळ पाण्यात सोडण्यापूर्वी तिच्यावरची सुटी धूळ फुंकरीने किंवा मऊ केसांच्या कुंचलीने झाडायची, कोरड्या फडक्याने घासून पुसायची नाही. धुळीत गारेचे सूक्ष्म कण असतात, गार काचेहून कठीण, आणि कोरड्या पुसण्याने वर्षागणिक काचेवर बारीक ओरखड्यांचे जाळे पडून तिचे पाणी जाते. मोज़ या शास्त्रज्ञाच्या काठिण्यश्रेणीत स्फटिक सातव्या स्थानावर, काच साडेपाचाच्या आसपास, पोवळे तीन-चारच्या घरात आणि मोती त्याच्याही आगेमागे आहे. ही श्रेणी कोणत्याही आजीने वाचलेली नव्हती, पण एकाच फडक्याने सगळे पुसू नये एवढे तिला पक्के माहीत होते.

मग माळ रिठ्याच्या पाण्यात बुडवून ठेवायची नाही. दोन्ही टोके एका हातात धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीने एकेक मणी त्या पाण्यात फिरवायचा, विशेषतः छिद्राशी, कारण तेल आणि मळ तेथेच दाटतो. नंतर स्वच्छ पाण्यातून काढायची, तेही शक्यतो साठवलेल्या पावसाच्या पाण्यातून. विहिरीच्या जड पाण्याने धुतलेला मणी वाळल्यावर त्यावर पांढुरका क्षाराचा पापुद्रा राहतो. शेवटी दुसऱ्या कोरड्या फडक्यावर माळ आडवी पसरायची. खुंटीला टांगायची नाही. रेशीम ओले झाले की अशक्त होते आणि मण्यांच्या भाराने लांबते, मग गाठी सैल पडून मण्यांमध्ये दोरा दिसू लागतो. सावलीत, वाऱ्याला, आणि मधूनमधून उलटून, म्हणजे छिद्रातली ओल निघून जाते. वरून कोरडी दिसणारी माळ आत ओली असताना पेटीत गेली, तर पुढच्या वर्षी दोरा हातात येतो.

हा विधी सर्व माळांना सारखा नव्हता. जोंधळी पोत आणि काळे मणी रिठ्याने निघत. बोरमाळेला मात्र गरम पाणी वर्ज्य, कारण तिचा मणी वरून सोन्याच्या पत्र्याचा आणि आतून लाखेने भरलेला असतो. लाख तापली की पघळते, आणि एकदा पत्रा चेपला की तो घरी पूर्ववत करता येत नाही. पोवळे आणि मोती यांना चिंच, लिंबू, ताक यांपैकी काही लावायचे नाही. ज्या चिंचेने देवाची पितळी उपकरणी लखलखीत होतात तिच्यातले अम्ल पोवळ्या-मोत्यांतील चुन्याच्या द्रव्याला खाते, आणि मोत्याची झळाळी एकदा गेली की परत येत नाही. स्फटिकाला अम्लाचे भय नाही. तरी जपाच्या माळेला पंचामृताने स्नान घातल्यावर साध्या पाण्याचे स्नान पुन्हा का घालावे लागते, याचे उत्तर धर्मात आहे तसे दोऱ्यातही आहे, कारण मध, तूप आणि साखर तंतूंत शिरली की मुंग्या आणि कुबट वास ठरलेलाच. तुळशीची माळ लाकडाची. ती भिजवायची नाही, ओल्या फडक्याने टिपून वाळवायची. तेराव्या शतकाच्या सुमाराचा मानला जाणारा 'रसरत्नसमुच्चय' हा ग्रंथ प्रत्येक रत्नाला शोधनासाठी वेगळे द्रव्य सांगतो, माणकाला अम्ल, मोत्याला जयंतीच्या पानांचा रस, पोवळ्याला क्षार, पाचूला गाईचे दूध. ती औषधी भस्मांची प्रक्रिया आहे, अलंकार धुण्याची नव्हे. तथापि एकाचे औषध दुसऱ्याचे विष ठरते हे तत्त्व ग्रंथकाराने आणि माजघरातील स्त्रीने सारखेच जाणले होते.

हळदीचा प्रकार तर विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. मंगळसूत्राच्या दोऱ्यात हळद मुरलेली असते, आणि कपड्याच्या साबणाने ते धुतले की पिवळा दोरा पाहता पाहता तांबडा होतो. सौभाग्याच्या लेण्यावर असा रक्तासारखा रंग चढलेला पाहून किती सुना घाबरल्या असतील कोणास ठाऊक. हळदीतील रंगद्रव्य क्षारात तांबडे आणि अम्लात पुन्हा पिवळे होते, एवढेच त्याचे कारण. कपड्याचा साबण क्षारयुक्त, रिठा किंचित आंबट, त्यामुळे रिठ्याने असा उत्पात होत नाही. आणि हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, हे ज्यांना माहीत होते त्या मळलेला दोरा बदलण्यापूर्वी घटकाभर उन्हात ठेवून पाहत.

पेटीतून काढताना कधी कधी एखादा काचेचा सर हाताला बुळबुळीत, घाम आल्यासारखा लागतो. त्याला बाधा समजण्याचे कारण नाही. काही जुन्या काचांत चुन्याचे प्रमाण कमी आणि सोडा किंवा पोटॅश जास्त पडलेला असतो, आणि पावसाळ्याच्या ओल्या हवेत तो क्षार पृष्ठभागावर येऊन पाणी ओढून घेतो. तो क्षार तसाच राहिला तर दोरा खातो, शेजारच्या पितळी मण्याला हिरवट करतो आणि शेवटी काचेवरच तडांचे जाळे उमटवतो. यावर उपाय साधा आहे: स्वच्छ, मऊ पाण्याने झटपट धुणे, लगेच टिपून पूर्ण वाळवणे, आणि बंद डबीऐवजी सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवणे. महालक्ष्म्यांच्या निमित्ताने ऐन पावसाळ्यातच दरवर्षी या माळा उघडल्या आणि धुतल्या जात, यात केवळ कुळाचार नव्हता असे मला वाटते; ज्या ऋतूत काच आजारी पडते त्याच ऋतूत तिची विचारपूस व्हावी, अशी ही व्यवस्था कोणी योजली नसली तरी उपकारक ठरली.

देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत हे काम पुष्कळदा घरच्या मोलकरणीकडे येई, आणि तेथे एक अवघड बाजू होती. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी, आणि त्यांच्याविषयीची आख्यायिका या जिल्ह्यात कोणाला सांगावी लागत नाही: देवाच्या गळ्यातील पदक जनाबाईंकडे सापडले, चोरीचा आळ दासीवर आला, तिला सुळावर देण्याची शिक्षा झाली, आणि सुळाचे पाणी झाले. अलंकार स्वच्छ करणारा हात मालकिणीचा नसेल, तर मणी हरवताच संशयाचे बोट त्याच हाताकडे वळते. आख्यायिकेतला देव धावून आला, सर्वांसाठी येत नाही. म्हणून जाणत्या घरांत मणी धुण्यापूर्वी आणि धुतल्यानंतर दोघींनी मिळून मोजण्याची रीत असे, तीत मालकिणीच्या मालाइतकेच काम करणारीच्या अब्रूचेही रक्षण होते, आणि ती रीत मला या साऱ्या विद्येतील सर्वांत सुसंस्कृत भाग वाटते.

दोरा झिजला की माळ गाठून घ्यावी लागे. मंगळसूत्राच्या बाबतीत ते तुटले असे कोणी म्हणत नाही, वाढवले म्हणतात. आणि नवा दोरा होईपर्यंत गळा मोकळा राहू नये म्हणून हळकुंड बांधलेला पिवळा दोरा घालतात. पटवेकरी दारात किंवा बाजारात बसून, पायाच्या अंगठ्याला रेशमाचे टोक अडकवून, मेण लावून, पाहता पाहता सर गाठी. आज त्याची जागा नायलॉनच्या दोऱ्याने आणि सोन्याच्या तारेने घेतली आहे. तार ओलीने कुजत नाही हे खरे. परंतु जुना रेशमी दोरा मण्यांमध्ये गाठी घालून ओवलेला असे, तो तुटला तरी एकच मणी सुटे, आणि नायलॉन तुटला की सगळी माळ एकदम जमिनीवर येते. मला जुनी रीत श्रेष्ठ वाटते.

पोलीस कारवाईनंतर 1948 मध्ये रियासत संपली, निजामाचे हाली सिक्का हे चलन यथाकाल गेले, करोडगिरीचे नाके उठले, आणि 1956 मध्ये जिल्हा मुंबई राज्यात व 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. मण्यांच्या दृष्टीने मात्र या राजकीय उलथापालथींपेक्षा साबणाचा इतिहास अधिक निर्णायक ठरला. विलायती सनलाइट साबण 1888 साली कलकत्त्याच्या बंदरात उतरला होता. खेड्यापाड्यांत धुण्याचा सोडा आणि साबणाची वडी रुळायला पुढे बराच काळ लागला, आणि 1969 साली अहमदाबादेत निर्मा पावडर निघाल्यानंतरच्या दोन दशकांत तर रिठ्याचे गाठोडे स्वयंपाकघरातून जवळजवळ हद्दपार झाले. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातील असंख्य घरांनी चांदीचे गोठ, सोन्याच्या पुतळ्या विकल्या. मण्यांच्या पुड्या तेवढ्या उरल्या, कारण त्यांना गिऱ्हाईक नव्हते. उरलेल्या त्या मण्यांवर मग धुण्याची पावडर, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा असे प्रयोग झाले. टूथपेस्टमधील घासणारी पूड काचेच्या पैलूंची धार बोथट करते, आणि पोवळ्याला तर ती सरळ खरवडते.

आज परभणीच्या बाजारात क्रिस्टलची माळ म्हणून जे मिळते ते बहुधा यंत्रावर पैलू पाडलेले काचेचे मणी असतात. बोहेमियात जन्मलेल्या डॅनियल स्वारोवस्की यांनी 1892 साली काचेला पैलू पाडणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि 1895 साली ऑस्ट्रियातील वाटेन्स या गावी कारखाना काढला, तेव्हापासून हाताने घासलेल्या पैलूचे युग मावळू लागले. 1956 च्या सुमारास त्याच घराण्याने मण्यावर धातूच्या बाष्पाचा अतिसूक्ष्म थर देऊन इंद्रधनुषी झळाळी आणली, आणि आज स्वस्तातल्या मण्यांवरही तसाच थर असतो. या थरामुळे जुन्या विद्येत एक नवे कलम घालावे लागते: असा मणी चोळायचा नाही, अमोनियाच्या काच-सफाईच्या द्रवात घालायचा नाही, अत्तर किंवा केसांचा फवारा मारण्यापूर्वी तो गळ्यात घालायचा नाही, कोमट पाण्यात सौम्य साबणाचा थेंब, हलका हात, मऊ फडके, आणि कापडी पिशवीत स्वतंत्र जागा. अस्सल स्फटिक ओळखायचा असेल तर तो गालाला लावून पाहावा. तो काचेहून थंड लागतो आणि हातात उशिरा तापतो, आणि काचेत आढळणारे गोल बुडबुडे त्यात नसतात.

जिंतूर परिसरातील बंजारा तांड्यांवरील स्त्रियांचे मणीकाम हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ते कापडावर टाचलेले असते, कच्चा रंग पाण्याने फुटतो, म्हणून त्याला वरील कोणतीही रीत जशीच्या तशी लावू नये, एवढेच येथे सांगून ठेवतो.

वाचकांना एक विनंती आहे. येत्या भाद्रपदात पेटी उघडाल तेव्हा प्रत्येक माळेबरोबर कागदाची एक चिठ्ठी ठेवा: मणी कशाचे, किती, कोणाच्या माहेरून आले, दोरा कोणता, शेवटचा कोणी गाठला, आणि धुताना काय वर्ज्य. घरातील वडील स्त्रीला विचारूनच ती लिहा, आणि लिहिणारीचे नाव खाली घाला. एखादा सर वापरण्यापलीकडे जीर्ण झाला असेल, तर त्याचे मणी कचऱ्यात न टाकता त्या चिठ्ठीसह तेरच्या किंवा जवळच्या एखाद्या वस्तुसंग्रहालयास दाखवावेत.